उत्क्रांतीचा धडा कोणाच्या कामाचा?

2018 च्या जानेवारीत औरंगाबादला एका वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचं सांगून टाकलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, आपल्या पूर्वजांनीही तसं कुठे लिहून वा सांगून ठेवलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजात हे शिकवणं बदलायला हवं, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून तो खोडला, त्यांच्याच खात्याच्या वरिष्ठ मंत्र्यांनी त्यांना आवरतं घ्यायला सांगितलं, चार दिवस चॅनेलांवर चर्चा झाली आणि विषय विरला.

त्याच हिवाळ्यात, कन्नडचा घाट उतरून खाली आलं की लागणाऱ्या आमच्या खान्देशात लोक उभ्या कपाशीत गुरं सोडत होते, कुणी रोटाव्हेटर फिरवत होते. गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती. वेचणीला मजूर मिळेना, कारण किडक्या बोंडातून निघते ती कवडी, आणि कवडी वेचून मजुरीही सुटत नाही. नागपूरच्या अधिवेशनात गदारोळ झाला, मदत जाहीर झाली, पंचनामे झाले. बियाणंच बोगस होतं, असं पारावर बहुतेकांचं मत पडलं. काही ठिकाणी असेलही. पण खरी भानगड वेगळी होती. बियाणं तेच होतं, अळी बदलली होती.

कुणी पाहिलं, असं मंत्री विचारत होते. धरणगाव, पारोळा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातला प्रत्येक कापूसवाला हात वर करू शकला असता. माकडाचा माणूस होताना त्यानं पाहिलं नाही हे खरं, पण एक जात पंधरा वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत बदलताना पाहिली, आणि त्याची किंमतही मोजली. फक्त आपण पाहतोय त्याला उत्क्रांती म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेनं तर नाहीच.

उत्क्रांती शाळेत शिकवावी का, या वादात एका बाजूला विज्ञाननिष्ठा आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धा असं चित्र रंगवलं जातं. ते आमच्याकडे फारसं लागू पडत नाही. खान्देशात डार्विनविरुद्ध मोर्चा निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे डार्विनचा घात होतो तो निराळ्या प्रश्नानं: ‘सर, हा किती मार्कांना येतो?’

2022 साली दिल्लीच्या एनसीईआरटीनं, म्हणजे सीबीएसईची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, करोनाकाळातलं ओझं कमी करण्याचं निमित्त सांगून दहावीच्या विज्ञानातला ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा छाटून नुसता ‘आनुवंशिकता’ केला. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याचा बोभाटा झाला आणि 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक, विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून तो भाग परत घ्या म्हटलं. त्यावर उत्तर मिळालं की काळजी नको, बारावीच्या जीवशास्त्रात डार्विन आहेच.

हे उत्तर मला सगळ्यांत जास्त खटकतं. बारावीला जीवशास्त्र कोण घेतं? नीटची तयारी करणारा, फार्मसी-नर्सिंगला जाणारा, बीएस्सी ॲग्रीचं डोक्यात असलेला. बाकीचा वर्ग दहावीनंतर आर्ट्सला जातो, कॉमर्सला जातो, आयटीआयला फिटर-वायरमन होतो, नाहीतर वडिलांच्या हाताखाली थेट शेतात उतरतो. मुलींचं तर कितीदा दहावीलाच थांबतं. उद्या कृषी केंद्रावर बियाण्याचं पाकीट मागणारा, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा, घरात कुणाचं रक्त कुणाशी जुळतं याची काळजी वाहणारी, ही सगळी माणसं विज्ञानाचं शेवटचं पुस्तक मिटतात ते दहावीला. जो धडा ज्याला लागणार, नेमका त्याच्या हातून काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं की दोन वर्षांनी दुसऱ्याला मिळेल.

आपल्या राज्य मंडळानं मात्र हा धडा ठेवला, याचं श्रेय द्यायला हवं. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. पण 2025-26 पासून पहिलीला नवा, सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम आला आणि तो टप्प्याटप्प्यानं वरच्या इयत्तांना लागू होणार आहे. दहावीचं पुस्तक नव्यानं लिहायला घेतील तेव्हा हा धडा राहणार की एनसीईआरटीच्या वाटेनं जाणार, हा प्रश्न आत्ताच विचारून ठेवावा. पुस्तक छापून आल्यावर निवेदनं देऊन काय होतं, ते दिल्लीत पाहिलंच.

आणि पुस्तकात आहे म्हणजे वर्गात आहे, असं कुठे असतं? अवशेषांगांची दोन उदाहरणं लिहा: आंत्रपुच्छ, माकडहाड. जोडणारा दुवा: पेरिपॅटस. नैसर्गिक निवडीवर टीप लिहा. गाईडमध्ये सगळं तयार असतं. पेरिपॅटस हा प्राणी आहे की आजार, हे न कळताही पोरगं दोन मार्क घेऊन जातं. प्लॅटिपस ऑस्ट्रेलियात, जिराफाची मान आफ्रिकेत, डार्विन इंग्लंडात. आणि शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी उभी, तिच्याकडे कुणी बघत नाही.

तिच्याकडे जरा नीट बघू.

भारतात बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. त्यामुळे झाडच अळीला मारक असं प्रथिन तयार करतं. सुरुवातीची काही वर्षं जादूच वाटली. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. 2010 मध्ये खुद्द बियाणं कंपनीनंच कबूल केलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही. पुढच्या पाच-सात वर्षांत दुसरंही गेलं. मग आला 2017.

अळीनं विष पचवायला ‘शिकून’ घेतलं, असं लोक म्हणतात. शिक्षकही म्हणतात. गंमत म्हणजे दहावीच्या त्याच धड्यात, जगताना कमावलेले गुण पिल्लांत उतरतात ही लामार्क या शास्त्रज्ञाची समजूत का टिकली नाही, ते दिलेलं आहे. कुठलीही अळी काही शिकली नाही. लाखो अळ्यांत एखाद-दुसरी आधीपासूनच अशी होती की ते प्रथिन तिच्या आतड्याला नीट चिकटतच नव्हतं. बाकीच्या मेल्या, ती जगली. तिचं पतंग झालं, अंडी घातली. जिकडे बघावं तिकडे बीटीच असल्यानं दरवर्षी हीच चाळणी लागत गेली. निवड करणारे आपण होतो, फक्त आपल्याला पत्ता नव्हता.

हे होणार, याचा अंदाज शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून होता. म्हणून तर 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅमचं बिगरबीटीचं छोटं पाकीट यायचं. शेताभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढ्यावर ते लावायचं, असा नियम. लोकांनी त्याचं काय केलं? बांधावर फेकलं, तूर लावली, नाहीतर बीटीच्या तुटाळ्या भरायला वापरलं. त्यात लोकांचा काय दोष? ‘कंपनीनं सांगितलंय, लावा’ यापलीकडे कुणी बोललं नव्हतं. ज्या झाडाला अळी लागणार हे ठाऊक आहे, ते पैसे देऊन आणि पाणी घालून कोण वाढवेल?

कारण समजलं असतं तर? बिगरबीटी झाडांवर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग संख्येनं भरपूर असतात. बीटीच्या ओळीतून जगून आलेला एखादा चिवट पतंग निघाला, तरी त्याची गाठ या साध्यांपैकीच एखाद्याशी पडण्याची शक्यता दांडगी. हा चिवटपणा बहुतेक वेळा अप्रभावी, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसणारा. त्यामुळे त्यांची पिल्लं बीटी खाऊन मरतात. नववीत आनुवंशिकता शिकलेल्या मुलाला हे पाटीवर चौकोन आखून पाच मिनिटांत दाखवता येतं. ते 120 ग्रॅमचं पाकीट म्हणजे आनुवंशिकतेचं आणि उत्क्रांतीचं चालतंबोलतं प्रात्यक्षिक होतं. आपण ते बांधावर टाकून दिलं.

याहून सुरेख पुरावा त्याच शेतात आहे. कपाशीवर दुसरीही अळी येते, हिरवी बोंडअळी. हरभऱ्यात जिला आपण घाटेअळी म्हणतो तीच ही. ती तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर, जे मिळेल त्यावर जगते. म्हणजे तिच्यासाठी बिगरबीटीच्या ओळी निसर्गतःच गावभर पसरलेल्या. ती बीटीला आजही बऱ्यापैकी दबते. गुलाबी मात्र जवळजवळ निव्वळ कपाशीवर जगणारी. तिला पळून जायला जागाच नव्हती, म्हणून तीच बदलली. एकच शेत, एकच विष, दोन अळ्या, दोन निकाल. डार्विनला गॅलापागोसला जहाजानं जावं लागलं होतं. चोपड्याच्या पोराला सायकल पुरेल.

इथे कुणी म्हणेल की नुसत्या धड्यानं अळी थांबली नसती. मान्य. त्या छोट्या पाकिटातलं बियाणं कितीदा धड उगवायचंही नाही. आपल्याकडचे संकरित वाण लांब मुदतीचे, वर आमचा बागायती पट्टा मे महिन्यातच ठिबकवर कपाशी लावतो आणि पाणी असलं की फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभं ठेवलेलं पीक, फेब्रुवारीपर्यंत ओढतो. अळीला वर्षभर ताट वाढलेलं. जूनच्या आधी शेतकऱ्याला बियाणं विकू नका, असे आदेश कृषी खात्याला काढावे लागले ते याचसाठी. ते आदेश निघाले की लोक गुजरातेतून, मध्य प्रदेशातून पाकिटं आणतात. आदेश कशासाठी आहे हे न समजलेल्या माणसाला तो सरकारी जाच वाटणारच.

अमेरिकेचं उदाहरण इथे दोन्ही बाजूंनी बोलतं. उत्क्रांती शिकवल्याबद्दल 1925 मध्ये टेनेसीतल्या जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरला गेला, 100 डॉलर दंड झाला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. तो कायदा तिथे 1967 पर्यंत होता. शेजारच्या आर्कान्सातली बंदी सर्वोच्च न्यायालयानं उठवली ती 1968 मध्ये. ही दोन्ही कापसाची राज्यं. आणि 1955 च्या सुमारास, आर्कान्साला लागून असलेल्या लुइझियानात, कपाशीच्या बोंडावरचा भुंगा तेव्हाच्या कीटकनाशकांना जुमानेनासा झाला होता. म्हणजे शेतात जे घडत होतं, त्याचं कारण वर्गात सांगणं पलीकडच्या राज्यात बेकायदा होतं!

दुसरी बाजू अशी की त्याच अमेरिकेत पुढे गुलाबी बोंडअळीसाठी बिगरबीटीचा नियम बऱ्यापैकी पाळला गेला, नंतर वांझ केलेले पतंग सोडले, आणि 2018 मध्ये तिथलं कापूसक्षेत्र या अळीपासून मुक्त जाहीर झालं. तिथले सगळे शेतकरी काही डार्विनभक्त नव्हते. मग शिकवायची गरज काय, असा प्रश्न रास्त आहे. पण तिथे हजारो एकरांचे मोजके मालक, तपासणीला माणसं आणि नियम मोडला तर कारवाई. इथे दोन-तीन एकरांचे लाखो तुकडे. कुठला कृषी सहायक प्रत्येक बांधावर जाऊन पाच ओळी मोजणार? त्याच्याकडे आधीच चार-चार गावं असतात. आपल्याकडे हा नियम पाळला जाईल तर तो समजला म्हणूनच. दुसरी काही सोय नाही.

सातपुड्यात चला. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा. भिल्ल-पावरा वस्तीतल्या आश्रमशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते आणि मुलांच्या हाती कार्ड येतं: वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. सोबत निरोप, की पिवळं-पिवळं लग्न टाळा. निरोप योग्यच आहे, दोन्ही पालक वाहक असले तर दर अपत्यामागे आजाराची शक्यता चारांत एक. पण पंधरा वर्षांची एखादी मुलगी ते कार्ड घेऊन बसते तेव्हा तिच्या मनात काय येत असेल? आमच्याच लोकांत का? आमचं रक्तच खराब का? तालुक्याच्या गावात कुणी ना कुणी तिला तसं ऐकवतंही.

तिला उत्तर द्यायला एकच धडा उपयोगी आहे. 1954 मध्ये अँथनी ॲलिसननं आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाचा कहर होता, तिथल्या लोकांत हे जनुक टिकलं: आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी, सातपुड्यात. तुझे पणजोबा-खापरपणजोबा या जंगलात मलेरियातून वाचले, त्यात या जनुकाचा हात असेल. त्याची दुसरी बाजू आज तुझ्या कार्डावर आहे. नववीत सिकलसेल आजार म्हणून येतो, दहावीत नैसर्गिक निवड येते, आणि दोन्हींच्या मध्ये उन्हाळ्याची सुट्टी. दोघांना जोडणारं वाक्य कुणीच बोलत नाही. 2023 च्या जुलैत केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं; कार्डं वाटणाऱ्या त्या अभियानाला हे वाक्य फुकट मिळेल.

आक्षेपांपैकी दशावताराचा आक्षेप मला आवडतो, कारण तो भांडत नाही, मिठी मारतो. मासा, कासव, वराह, नरसिंह: पहा, आमच्याकडे आधीच होतं. कीर्तनात हे ऐकायला छान वाटतं आणि त्यानं कुणाचं बिघडतही नाही. पण वर्गात ते आणलं की एक चूक पक्की होते: खालून वर चढणारी शिडी आणि तिच्या टोकाला माणूस. अवतार हेतूनं येतो, धर्माची ग्लानी झाली म्हणून येतो. उत्क्रांतीला हेतू नाही. गुलाबी बोंडअळी कुठल्या शिडीवर चढली? ती होती तिथेच आहे, फक्त आमची औषधं निकामी झाली. श्रद्धेला श्रद्धेच्या जागी राहू द्यावं. तिला पुराव्याच्या पिंजऱ्यात उभं केलं की तिचाही अपमान होतो.

माकडाबद्दल एवढंच, की माकड आपला आजा नव्हे, भाऊबंद आहे. मूळ पुरुष एक, वाटण्या कधीच्या झालेल्या. आजची माकडं माणूस का होत नाहीत हा प्रश्न म्हणजे चुलतभाऊ आपल्या बापाच्या पोटी का जन्मला नाही, असं विचारण्यासारखं आहे. खान्देशात भाऊबंदकी न कळणारा माणूस सापडायचा नाही, तेव्हा यावर जास्त शाई खर्च करत नाही.

डार्विनच्या नावावर वाईटही पुष्कळ झालं, ते लपवायचं कारण नाही. स्कोप्सच्या खटल्यात जे पाठ्यपुस्तक गाजलं, त्यात उत्क्रांतीबरोबर मानववंशांची उतरंड आणि ‘हलक्या’ लोकांची पैदास थांबवण्याच्या गोष्टी होत्या. आपल्या समाजाला उतरंड आधीच फार आवडते. म्हणून हा धडा कच्च्या हाती गेला तर ‘जो बलवान तो टिकतो’ एवढंच शिल्लक राहतं आणि ते जातीच्या गप्पांत वापरलं जातं. त्यावर इलाज धडा काढणं हा नाही. सिकलसेलचं उदाहरण नीट सांगितलं की बलवान-दुर्बळ ही भाषाच गळून पडते, कारण तेच जनुक एका ठिकाणी जीव वाचवतं आणि दुसऱ्या ठिकाणी घेतं.

शिक्षकांसाठी सामग्री आमच्याकडे तोटा नाही इतकी आहे. भरिताची वांगी घ्या. आसोदा-बामणोदची, हिरवट, पांढरट रेघांची. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावानं 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. कमी बियांचं, पातळ सालीचं, भाजल्यावर गर सुटणारं फळ बघून त्याचं बी धरायचं, असं शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं तेव्हा ते वांगं घडलं. उलट ग्रँड नैन केळी पाहा. रावेर-यावलच्या बागांत ऊतिसंवर्धनाची रोपं, सगळी एकमेकांची हुबेहूब नक्कल. हरण्या रोग आला की सगळी सारखीच बळी पडतात, कारण निवडायला फरकच शिल्लक नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शाळांच्या सहली जातात, भास्कराचार्यांचं नाव निघतं, ते निघावंच. पण त्याच पाटण्याच्या उत्खननात सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचं, रेघांची नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलं. गिरणेच्या खोऱ्यात शहामृग! हे ऐकल्यावर प्रश्न विचारणार नाही असं पोरगं मला दाखवा.

अडचण वेळापत्रकाची आहे. पहिला धडा म्हणून हा जूनमध्ये शिकवून होतो. तेव्हा कपाशीची लावणी चालू असते, अर्धी पोरं वर्गात नसतात आणि दाखवायला अळीही नसते. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसायला लागतात त्या पुढे, आणि पोखरलेलं हिरवं बोंड सोलून आतली गुलाबी अळी हातावर घेता येते ती दिवाळीच्या आगेमागे. हा धडा तेव्हा घ्या असं सुचवलं की मुख्याध्यापक म्हणतात, दिवाळीनंतर दहावीच्या सराव परीक्षा असतात, तेव्हा नवीन काही काढता येत नाही. बरोबर आहे. मग नवा अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी हा धडा नववीच्या दुसऱ्या सत्रात, आनुवंशिकतेला लागूनच ठेवावा, आणि प्रात्यक्षिकाच्या यादीत एक ओळ घालावी: गावातल्या तीन शेतांतली वीस-वीस बोंडं फोडून किडकी किती ते मोजणे, आणि त्या शेतकऱ्यानं बिगरबीटी लावलं होतं का, ते विचारून शेजारी लिहिणे.